सावित्रीने यमाला कसं गाठलं?

वटपौर्णिमा जवळ आली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दोन गोष्टी सुरू होतात. इथे वडाची फांदी कुठे मिळेल याची चौकशी, आणि 'सात जन्म हाच नवरा' यावरचे तेच ते विनोद. यात सावित्री राहूनच जाते.

तिची कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. मार्कंडेय ऋषी ती युधिष्ठिराला सांगतात. तिथे सात जन्म नाहीत, वडाला सूत गुंडाळणंही नाही. तिथे आहे ती वडिलांच्या सांगण्यावरून रथात बसून स्वतःच वर शोधायला निघालेली मुलगी. सत्यवान वर्षभरात मरणार, असं नारदांनी सांगितल्यावरही ती निवड बदलत नाही. पुढचा यमाशी झालेला संवाद तर आमच्या एमबीएच्या वर्गात वाटाघाटींचा धडा म्हणून खपला असता. सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग, ही यमाची अट. ती सासऱ्यांची दृष्टी मागते, त्यांचं राज्य मागते, वडिलांना शंभर पुत्र मागते आणि मग सत्यवानापासून स्वतःला शंभर पुत्र! पाचवा वर देताना यम ती अट घालत नाही. हे तिच्या तत्काळ लक्षात येतं.

पण घरोघरी पोचला तो उपास. बुद्धी मागे पडली, पातिव्रत्य उरलं. बाईने कशासाठी झिजायचं, हे अशा कथा न बोलता ठरवून टाकतात.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली. वर्तमानपत्रं मात्र समस्त बायकांच्या चारित्र्यावर घसरली. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. बायको नवऱ्यासाठी यमाच्या दारी जाते, मग बायकोसाठी तिथवर गेलेला नवरा कुठे आहे, हा त्यांचा सवाल. गदारोळ उठला, तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली.

आता राजकारण. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक संस्थांत बायकांना निम्म्या जागा दिल्या. तरी 'सरपंचपती' हा शब्द मराठीत रुळलाच: सही तिची, खुर्ची त्याची. नवऱ्याच्या मागे चालणारी ती चांगली, हे लहानपणापासून ऐकलेल्या गावाला यात वावगं वाटत नाही. अनेक सरपंच बायकांनी ही खुर्ची परत मिळवली आहे, तीही बऱ्याचदा घरातल्यांशी भांडून.

यंदा मुलांनी विचारलं, तर त्यांना पाचव्या वराची गोष्ट नक्की सांगा. मुलग्यांनाही.