आधी पाठ, मग उभं

आज बोलूया खोक्यातून सुट्या फळ्यांच्या रूपात येणाऱ्या पुस्तकांच्या कपाटाबद्दल. नोकरीसाठी दिल्ली, नोएडा, गुरुग्रामला आलेल्या आपल्यासारख्यांना ते सोयीचं. भाड्याचं घर, पुन्हा बदली. सागवानी कपाट कुठे कुठे नेणार?

नोएडात आल्यावर आम्हीही एक मागवलं. सांगाडा जोडला आणि हौसेनं लगेच उभा केला. पाठीची पातळ फळी नंतर ठोकू म्हटलं. सांगाडा एका अंगाला कलला आणि कोपऱ्यातला स्क्रू फळीची कड फोडून बाहेर आला. चूक आमच्याच घाईची.

असं का होतं? ही फळी बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डची असते, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली. सरळ वजन ती पेलते, पण कडेला पीळ बसला की भुगा होतो. एकदा स्क्रूचं भोक सैल झालं की तिथे पकड पुन्हा पहिल्यासारखी येत नाही. कपाटाला तिरकं होण्यापासून मुख्यतः पाठच रोखते. म्हणून पाठ लागेपर्यंत कपाट आडवंच ठेवायचं.

आता क्रम सांगतो. खाली सतरंजी किंवा खोक्याचाच पुठ्ठा अंथरा. लाकडी खुंट्या आधी बसवा. सगळे स्क्रू हातानं, थोडे सैल लावा. ड्रिल मशीन नको, त्याचा जोर कळत नाही. मग दोन्ही कर्ण टेपनं मोजा. दोन्ही सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. नसतील तर लांब कर्णाच्या दिशेनं हलकं दाबा. मग पाठ ठोका आणि शेवटी स्क्रू आवळा. कपाट दोघांनी मिळून उचलून उभं करा, एका कोपऱ्यावर तोलू नका. सरकवायचं असेल तेव्हाही उचलाच.

इथल्या घरांत आणखी एक शत्रू म्हणजे पाणी. रोजची ओली फरशी, उन्हाळ्यातला कूलर. पार्टिकल बोर्ड पाणी पिऊन फुगला की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. पायांखाली प्लास्टिकच्या टोप्या लावा आणि कूलरचा झोत कपाटावर येऊ देऊ नका.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. कपाट भिंतीला पट्टीनं बांधा. १७ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे धौला कुआँजवळ केंद्र असलेल्या ४.० तीव्रतेच्या भूकंपानं दिल्लीकर दचकून जागे झाले होते. भूकंप नसला तरी वरच्या पुस्तकासाठी फळीवर पाय देऊन चढणारं मूल घरोघरी असतंच. घरमालक भिंतीला भोक नको म्हणेल, तर समजावून परवानगी घ्या. घर सोडताना भोक बुजवता येतं. जड पुस्तकं खालच्या कप्प्यात ठेवा.

आमचं कपाट शेवटी एका सुतारानं कोपऱ्यांत लोखंडी पट्ट्या मारून वाचवलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच आजचा हा भाग.