‘ते’ म्हातारे, ‘आम्ही’ म्हातारे, ‘आपण’ म्हातारे : वार्धक्यावरच्या विनोदी कवितेविषयी

मागच्या व्याख्यानात आपण विनोदाच्या उपपत्ती पाहिल्या. ते जरा जडच झालं, असं काही श्रोत्यांनी कळवलं. म्हणून आज एक हलका विषय घेतला आहे : म्हातारपणावरची विनोदी कविता. हलका म्हणून घेतला खरा, पण तयारी करताना लक्षात आलं की हा विषय आम्हाला वाटला होता तितका हलका नाही.

सुरुवात भाषेपासून करू. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीला दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. ‘आम्ही जेवायला निघालो’ आणि ‘आपण जेवायला निघालो’ यातला फरक भुकेल्या पाहुण्याला विचारा! (हशा) म्हातारपणाबद्दल बोलतानाही माणसं तीन सर्वनामांत बोलतात. तरुण म्हणतात ‘ते म्हातारे’. म्हातारे म्हणतात ‘आमच्या वेळी असं नव्हतं’. आणि क्वचित कुणीतरी म्हणतं ‘आपण’. आमचं म्हणणं एवढंच आहे की वार्धक्यावरची चांगली विनोदी कविता ही ‘ते’ आणि ‘आम्ही’ यांच्याकडून ‘आपण’कडे जाण्याची वाट आहे.

आधी ‘ते’ घेऊ. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण बघा. तीन शब्द, नेमकं यमक, म्हणजे एक छोटी वात्रटिकाच. ती साठीच्या आतल्या माणसाने रचली असणार, हे सांगायला संशोधन नको. ‘म्हातारचळ’ हा शब्दही तसाच. तो स्वतःबद्दल वापरणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही.

पण दुसऱ्याच्या वयावरचं सगळंच हसणं वाईट असतं का? देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आलं. त्यातले भुजंगनाथ म्हातारपणी कोवळ्या शारदेशी लग्न करायला निघतात. नवरदेवाचं वय पाऊणशे, म्हणजे फार नाही, असं साळसूदपणे सांगणारं त्यातलं पद सव्वाशे वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी आहे. त्यातला ‘पाऊणशे’ हा शब्द आजकाल आम्हाला जरा टोचतो, कारण आमचाही मुक्काम त्याच गावाजवळ आहे. पण त्या पदात हसू सुरकुत्यांना नाही. पैशाच्या जोरावर एका मुलीचं आयुष्य विकत घेऊ पाहणाऱ्या लोभाला आहे. तिथे म्हातारा बलवान आहे आणि मुलगी दुबळी. तेव्हा कुणाच्या वयावर हसताना पहिला प्रश्न हा विचारावा की ज्याला आपण हसतोय, त्याच्या हातात सत्ता आहे की नुसती काठी?

तत्त्वज्ञांनीही ‘ते’ची भाषा पुष्कळ वापरली आहे. ॲरिस्टॉटलने ‘ऱ्हेटरिक’च्या दुसऱ्या भागात तरुण, वृद्ध आणि ऐन उमेदीतला माणूस यांची स्वभावचित्रं काढली. म्हातारे कशाबद्दलच ठाम बोलत नाहीत, भीत असतात, आठवणींवर जगतात आणि त्याच उगाळत बसतात, असं तो सांगतो. आणि शरीर ऐन भरात असतं तीस ते पस्तीसमध्ये, बुद्धी साधारण एकोणपन्नासाव्या वर्षी! आता ॲरिस्टॉटल अथेन्सला परतला आणि त्याने आपली शाळा काढली इ.स.पू. ३३५ मध्ये. जन्म ३८४ चा. वजाबाकी तुम्हीच करा. (हशा)

आता कवितेकडे. १७९९ साली रॉबर्ट साउदी या इंग्रज कवीने एक बोधपर कविता लिहिली. एक तरुण ‘फादर विल्यम’ नावाच्या म्हाताऱ्याला विचारतो की या वयात तुम्ही इतके धडधाकट आणि प्रसन्न कसे? म्हातारा उत्तर देतो : तारुण्यात संयमाने वागलो, देवाला विसरलो नाही. हे लिहिताना साउदी पंचविशीच्या आसपासचा होता. म्हणजे म्हाताऱ्याच्या तोंडून तरुणांना उपदेश करणारा कवी स्वतःच तरुण!

पुढे १८६५ मध्ये ‘ॲलिस इन वंडरलँड’मध्ये लुइस कॅरलने या कवितेचं विडंबन केलं. केशवकुमारांनी, म्हणजे आचार्य अत्र्यांनी, ‘झेंडूची फुले’मध्ये आपल्याकडच्या कवींचं जे केलं, त्याच जातीचं हे काम. कॅरलचा फादर विल्यम डोक्यावर उभा राहतो, कोलांटउडी मारतो, आख्खा हंस हाडांसकट फस्त करतो आणि शेवटी प्रश्न विचारून विचारून हैराण करणाऱ्या पोराला जिन्यावरून लाथाडण्याची धमकी देतो. आज साउदीची मूळ कविता अभ्यासकांपुरती उरली आहे, विडंबन मात्र जगभरची मुलं वाचतात. असं का झालं असेल? आम्हाला वाटतं, साउदीचा म्हातारा माणूस नव्हताच, तो भिंतीवर लावायचा सुविचार होता. कॅरलचा म्हातारा हट्टी आहे, चिडका आहे, चक्रम आहे, म्हणजेच जिवंत आहे. आजही वृद्धांवरच्या भाषणांत ‘अनुभवाची खाण’, ‘घराचा आधारवड’ असं ऐकलं की आम्हाला साउदी आठवतो. कोणी आपली टिंगल केली तर आपण चिडतो, पण सुविचार करून ठेवला तर तेही माणसातून उठवणंच आहे.

‘ते’पासून ‘आपण’पर्यंतचं अंतर एकाच कवितेत पार झालेलं पाहायचं असेल तर अमेरिकेत जाऊ. १८३१ साली ऑलिव्हर वेंडेल होम्स या बॉस्टनच्या तरुणाने ‘द लास्ट लीफ’ ही कविता लिहिली. गावात थॉमस मेलव्हिल नावाचे एक वृद्ध गृहस्थ होते. १७७३ मध्ये बॉस्टनच्या बंदरात ब्रिटिशांचा चहा समुद्रात फेकणाऱ्यांपैकी एक. त्यांच्या पिढीचं जवळपास कुणी उरलं नव्हतं आणि ते अजून जुन्या जमान्याची तीन टोकांची टोपी घालून काठी टेकत रस्त्याने जात. विशीतल्या होम्सला ते ध्यान पाहून हसू आवरत नाही, आणि हसल्याबद्दल अपराधीही वाटतं. पण कविता संपताना तो एक वळण घेतो. उद्या झाडावरचं शेवटचं पान म्हणून मीच मागे उरलो, तर तेव्हाच्या लोकांनी मलाही खुशाल हसावं, अशी परवानगीच तो देऊन ठेवतो. होम्स पुढे पंच्याऐंशी वर्षं जगले, १८९४ पर्यंत. त्यांच्या बरोबरीचे गेले आणि ते खरोखरच शेवटचं पान झाले. विशीत लिहून दिलेली हुंडी ऐंशीनंतर वटली.

ही झाली तरुणाने लिहिलेली कविता. आतून लिहिलेली कशी असते? त्यासाठी बुंदेलखंडात, ओरछाला येऊ. ‘रसिकप्रिया’ लिहिणारे केशवदास हे शृंगाराचे मोठे कवी. त्यांच्या नावावर सांगितला जाणारा एक दोहा उत्तर भारतात अजून सांगतात. गोष्ट अशी की म्हातारे केशवदास पाणवठ्यावर बसले आहेत. सुंदर तरुणी येतात आणि त्यांना ‘बाबा’ म्हणून पुढे जातात. कवी रागावतो, पण मुलींवर नाही, स्वतःच्या पांढऱ्या केसांवर! शत्रूनेसुद्धा केलं नसतं असं वैर या केसांनी साधलं, अशी त्याची तक्रार आहे.

आता यात बारकावा पाहा. केस काही त्या दिवशी पांढरे झालेले नव्हते. पण आपण म्हातारे झालो, ही बातमी त्यांना केसांनी दिली नाही, ती ‘बाबा’ या शब्दाने दिली. सिमोन द बोव्हारने १९७० साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, म्हातारपणावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला एक मध्यवर्ती विचार हाच आहे. माणूस आतून म्हातारा होत नाही, त्याचं म्हातारपण त्याला इतरांच्या नजरेतून कळतं. ते आपलंच असतं आणि तरी परक्यासारखं दारात येऊन उभं राहतं.

आपल्याकडे तर याचं घड्याळच आहे. भाजीवाल्याच्या तोंडी तुम्ही आधी ‘दादा’ असता, मग ‘काका’ होता, आणि एका सकाळी ‘आजोबा’. आम्हाला पहिल्यांदा ‘आजोबा’ म्हटलं गेलं तेव्हा आम्ही मागे वळून पाहिलं होतं, कोणाला हाक मारली ते! शेपूची जुडी घेऊन घरी आलो आणि दिवसभर बोललो नाही. केशवदासांचा दोहा तेव्हा आठवला असता तर बरं झालं असतं. विनोदी कविता इथे काय करते? बाहेरून आलेली ती बातमी ती आपल्या तोंडाने, आपल्या शब्दांत सांगते. मग ती नुसती आपल्यावर आदळलेली राहत नाही, आपण तिला घरात घेतलेलं असतं.

यापुढचं पाऊल फ्रॉइडने टाकलं. १९२३ मध्ये त्याला तोंडाचा कर्करोग झाला आणि मग शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया सुरू झाल्या. १९२७ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, त्याने विनोदावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की स्वतःच्या संकटावर विनोद करणाऱ्याच्या मनात जणू दोन माणसं असतात. एक भेदरलेलं मूल आणि एक वडीलधारं माणूस. ते वडीलधारं माणूस मुलाला जवळ घेऊन सांगतं की अरे, एवढं काय घाबरायचं, हा तर पोरखेळ आहे.

हे वाचल्यावर आम्हाला एक गोष्ट खोलवर जाणवली. वय वाढतं तसं आपल्याला ‘अरे’ म्हणणारी माणसं एकेक करून जातात. आई जाते, मोठा भाऊ जातो, शाळेतला मित्र जातो. मग सगळं जग आपल्याला ‘अहो’ म्हणतं. मान असतो, पण पाठीवर हात ठेवून ‘अरे, काही होत नाही’ म्हणणारं कुणी नसतं. अशा वेळी ते काम आपलं आपल्यालाच करावं लागतं. कवळीवर, गुडघ्यांवर, औषधांच्या डब्यावर लिहिलेल्या चार ओळी म्हणजे स्वतःला ‘अरे’ म्हणणं आहे.

आता शेवटचा भाग, आणि तो आम्हाला थोडा कठीण आहे. आमचे एक स्नेही बँकेतून निवृत्त झाले आणि विनोदी कविता करू लागले. आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर त्यांची एक कविता फार गाजली. त्यांच्या घरच्यांच्या परवानगीने म्हणतो :

उठलो होतो कशासाठी? दारामध्ये उभा राहतो,
आठवेना, मागे फिरून खुर्चीत बसून वाट पाहतो.
बसल्या बसल्या आठवतं की पाणी प्यायचं होतं खरं,
उठून जातो, दारात येतो... कशासाठी आलो बरं?

चार-पाच वर्षं आम्ही यावर हसलो. मग एका कोजागरीला त्यांनी ही कविता म्हटली, टाळ्या झाल्या, ते खाली बसले. दहा मिनिटांनी पुन्हा उठले आणि म्हणाले, “मंडळी, एक नवी कविता केली आहे.” आणि तीच कविता सुरू केली. पहिल्या दोन ओळींना कट्टा गप्प होता. दुधाचे पेले हातातच राहिले. शेवटची ओळ आली तेव्हा पुढे बसलेल्या वहिनींनी ती त्यांच्याबरोबर मोठ्याने म्हटली. मग आम्ही सगळ्यांनीच म्हटली, आणि हसलो. आपली नवी कविता लोकांना आधीच पाठ आहे, याचा त्यांना केवढा आनंद झाला!

घरी येताना आमचं मन खात होतं. आज आपण त्यांच्याबरोबर हसलो की त्यांना हसलो? सत्य लपवलं का? दुसऱ्या दिवशी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, “हसलात ते बरं केलंत. गप्प राहिला असतात तर त्यांना कळलं असतं.”

आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवूनही या वाक्याला आमच्याकडे प्रत्युत्तर नाही. पण एक दिसतं. फ्रॉइडचं ते मनातलं वडीलधारं माणूस आमच्या स्नेह्यांच्या मनातून हळूहळू उठून चाललं होतं. त्या रात्री त्याची जागा कट्ट्याने घेतली. त्यांनी शाबूत असताना ती कविता आम्हाला दिली नसती, तर ती शेवटची ओळ त्यांच्याबरोबर म्हणण्याचा अधिकार आम्हाला मिळाला नसता. होम्सने दिली तशीच ती परवानगी होती. म्हणून आमचं सांगणं आहे की अशा कविता वेळेवर लिहाव्यात, आणि एकट्याने वहीत न ठेवता चारचौघांत म्हणाव्यात.

भर्तृहरीने वैराग्यशतकात जरेला वाघिणीची उपमा दिली आहे. आपल्याकडेही एक वाघ आहे, भोपळ्यातल्या म्हातारीच्या गोष्टीतला. ती वाघाशी लढत नाही. लेकीकडे जाऊन, तूपरोटी खाऊन, जाडजूड होऊन येते म्हणते, आणि परत येताना भोपळ्यात बसून गाणं म्हणत त्याच्यासमोरून निघून जाते. वाघ तिथेच असतो, फक्त त्या दिवसापुरती ती निसटते. ही गोष्ट आपल्याला सांगितली ती बहुतेक आपल्या आजीनेच. स्वतः म्हातारी असताना, म्हातारीचा आवाज काढून, आपल्याला मांडीवर घेऊन. त्या वेळी कोण कोणाला हसत होतं? आपण हसत होतो. दोघंही.

पुढच्या वेळी उरलेली ‘रडण्याची’ उपपत्ती घेऊ, रुमाल आणावेत. प्रश्न असतील तर आता विचारा, जरा मोठ्याने विचारा, डाव्या कानाचं यंत्र घरी विसरलं आहे.