हळदीचे पेटंट आणि माशेलकरांची कारकीर्द

जखमेवर हळद दाबावी, हे जामखेडमधील कोणत्याही घरातल्या आजीला शिकवावे लागत नाही. मात्र मार्च १९९५ मध्ये याच उपयोगाचे अमेरिकी पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. त्याला आव्हान दिले ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, अर्थात 'सीएसआयआर'ने. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा या संस्थेचे महासंचालक होते.

गोव्यातील माशेल येथे १९४३ मध्ये जन्मलेले माशेलकर मुंबईत पालिकेच्या शाळेत शिकले. 'यूडीसीटी'तून १९६९ मध्ये पीएच.डी. मिळवून ते इंग्लंडला गेले आणि १९७६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजू झाले. १९८९ मध्ये ते तेथे संचालक झाले. परदेशी सहकार्य म्हणजे तंत्रज्ञान विकत आणणे, अशी त्या काळातील सर्वसाधारण समजूत होती. या प्रयोगशाळेने मात्र पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या निर्मितीप्रक्रियेवर अमेरिकेत पेटंट घेतले. त्यानंतर त्या क्षेत्रातील बलाढ्य 'जनरल इलेक्ट्रिक' कंपनीच संशोधनातील भागीदारीसाठी पुण्याकडे वळली. देण्याजोगे ज्ञान हाती असेल, तरच वाटाघाटी बरोबरीच्या नात्याने होतात, हा त्याचा अर्थ.

माशेलकर १९९५ ते २००६ या काळात 'सीएसआयआर'चे महासंचालक होते. हळदीच्या लढ्यात खरी अडचण कायद्याची होती. परदेशात एखादी गोष्ट केवळ वापरात आहे, हे तेव्हाच्या अमेरिकी कायद्याला पुरेसे नव्हते. त्यासाठी छापील पुरावा लागे. परिषदेने जुने संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथ आणि १९५३ मधील एक वैद्यकीय शोधनिबंध सादर केला. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

प्रत्येक पेटंटविरुद्ध असे लढणे खर्चिक होते. म्हणून २००१ मध्ये 'पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालय' आकाराला येऊ लागले. आयुर्वेद, युनानी आदी ग्रंथांतील योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत नोंदवले गेले. २००९ मध्ये युरोपीय व अमेरिकी पेटंट कार्यालयांशी करार झाले. त्यामुळे परीक्षकाला अर्ज तपासतानाच जुना पुरावा सापडू लागला.

तरीही एक उणीव राहते. हे ग्रंथालय मुख्यतः ग्रंथांवर उभे आहे. वैदू, मेंढपाळ आणि शेतकरी यांचे ज्ञान बहुधा मौखिक असते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या समित्यांवर 'लोक जैवविविधता नोंदवही' तयार करण्याची जबाबदारी टाकली आहे. जामखेड तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीची ही वही म्हणजे निव्वळ सरकारी सोपस्कार नव्हे. जाणकारांच्या संमतीने आणि काळजीपूर्वक ती भरली गेली, तरच गावाच्या ज्ञानाला उद्या साक्षीदार मिळेल. जाणते वृद्ध गेल्यावर ती भरायला कोणाकडे जायचे?