एक वाटी भात आणि एक तास

आबिड्समध्ये कोणी उपाशी राहत असेल, हे पटकन पटत नाही. रविवारी फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळत निघालात तरी पन्नास पावलांवर काहीतरी खायला दिसतंच. आमच्या मागच्या गल्लीत देगलूरकडचं एक कुटुंब राहतं. नवरा वॉचमन, बायको दोन घरची भांडी घासते. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. घरात तांदूळ आहे, कारण महाराष्ट्रातल्या रेशन कार्डावर माणशी पाच किलो धान्य आता इथल्या दुकानातही मिळतं. तरी पोराच्या बरगड्या मोजता येतात.

कारण आईनेच सांगितलं. "ताई, वाटीभर भात भरवायला तास लागतो. कामाला कधी जाऊ?"

या आजारात मेंदूचा स्नायूंवरचा ताबा बिघडतो. हातपाय आखडलेले आपल्याला दिसतात, जीभ आणि घसा दिसत नाही. घास जिभेने बाहेर ढकलला जातो, ठसका लागतो. मग आई भात पातळ करत जाते. पातळ पेज लवकर संपते, पोट भरल्यासारखं वाटतं, पण त्यात बहुतेक पाणीच. शिवाय गिळण्यावर ताबा नसलेल्या मुलाला अगदी पातळ पदार्थच जास्त अवघड जातो. तो श्वासनलिकेत उतरला तर न्यूमोनिया होऊ शकतो. ठसक्याच्या भीतीने पाणी कमी दिलं की बद्धकोष्ठ, आणि त्याने भूक आणखी मरते. फिट्सच्या काही गोळ्यांमुळे 'ड' जीवनसत्त्व घटतं, त्यात मूल उन्हात जातच नाही.

म्हणजे धान्य घरापर्यंत पोहोचलं, तरी मुलाच्या पोटापर्यंतचा शेवटचा हातभर रस्ता आईच्या वेळेतून जातो.

वाटी तीच ठेवून पोषण वाढवता येतं. डाळ-तांदळाचं घट्टसर खिमट, त्यात चमचाभर तेल (पाच ग्रॅम तेलात 45 कॅलरी), कुस्करलेलं उकडलेलं अंडं. शेंगदाणे घालायचे तर अगदी बारीक वाटून, कण घशात अडकतो. मूल आडवं नको, पाठीला आधार देऊन ताठ बसवायचं. वारंवार ठसका लागत असेल तर मात्र आधी तज्ज्ञांना दाखवावं. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात, हे मलाही नवीन होतं. लहान मुलांचं सरकारी निलोफर रुग्णालय आबिड्सपासून जवळ आहे. बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था 1984 पासून सिकंदराबादला आहे.

खरी गाठ पुढे आहे. अंगणवाडीचं अंडं सहाव्या वर्षापर्यंत. नंतरचं अंडं शाळेच्या दुपारच्या जेवणात, म्हणजे जो शाळेत पोहोचतो त्याला. तीव्र दिव्यांग मुलांना घरी शिकण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने दिला, पण ताट शाळेत वाढलं जातं. 2020 मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा अनेक राज्यांनी कोरडा शिधा मुलांच्या घरी पोहोचवला होता. तेव्हा जमलं, मग या मुलांसाठी का जमू नये? तेलंगणात दिव्यांगांना महिना 4016 रुपये पेन्शन आहे, पण या कुटुंबाची कागदपत्रं देगलूरची. रेशन कार्डाने राज्याची सीमा ओलांडली, पेन्शनने नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माझ्यासारखीला हे फार खटकतं.

आपण सणाला फराळाची पाकिटं वाटतो. चकली या मुलाच्या काही कामाची नाही. त्यापेक्षा मिक्सर, पाठीला आधार देणारी खुर्ची, थेरपिस्टकडे जायचं रिक्षाभाडं द्यावं. आणि आई कामाला जाते त्या घरांनी तिला तासभर उशिरा येऊ द्यावं, पगार न कापता.

सध्या रात्रपाळी संपवून आलेला बाप सकाळचं खिमट भरवतो. वजन करायला आई त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहते, मग एकटी, आणि वजाबाकी वहीत लिहून ठेवते.