गोल्फचा प्रशिक्षक निवडताना
टेक्ससमधल्या ऑस्टिनचे प्रशिक्षक हार्वी पेनिक यांच्याकडे टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ हे दोघेही गोल्फपटू लहानपणापासून शिकले. पण एकाचा धडा चालू असताना पेनिक दुसऱ्याला तो बघू देत नसत. दोघांचे स्विंग वेगळे, म्हणून शिकवणीही वेगळी! १९९५ मध्ये नव्वदीच्या पेनिक यांनी अंथरुणावरूनच क्रेनशॉला पटिंगचा शेवटचा धडा दिला. २ एप्रिलला ते गेले आणि ९ एप्रिलला क्रेनशॉने मास्टर्स स्पर्धा जिंकली.

शिकवणी प्रत्येकासाठी वेगळी हवी, म्हणून चांगला प्रशिक्षक आधी शिकणाऱ्याचं वय, अंगकाठी, जुनी दुखणी विचारतो. मगच क्लब (गोल्फची काठी) हातात देतो.

भारतात इंडियन गोल्फ युनियनची नॅशनल गोल्फ अकादमी प्रशिक्षकांना प्रमाणपत्र देते. ते आहे का, हे सरळ विचारावं. पैसे भरण्याआधी एखादा तास बाजूला उभं राहून पाहावा. ग्रिप (पकड), स्टान्स (उभं राहण्याची ढब), खांदे सगळं एकाच दिवशी बदलायला लावणारा प्रशिक्षक नवख्याला हमखास गोंधळात टाकतो.

जॅक निक्लॉससारखा दिग्गज गोल्फपटूही दर हंगामाच्या सुरुवातीला आपले एकच गुरू जॅक ग्राउट यांच्याकडे ग्रिपपासून सगळं तपासून घेई. म्हणून प्रशिक्षक सारखे बदलू नका. शिवाय, दोन धड्यांच्या मध्ये सरावाला पुरेसे दिवस ठेवा.