गाडी सुरू होत नाही? आधी विचार, मग पाना!



आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण विज्ञानाचाच आहे. पानगाव असो, खरोळा असो की पोहरेगाव, आपल्या रेणापूर तालुक्यात बऱ्याच घरी एकच मोटारसायकल असते. दहावीच्या पेपरला लेकराला सोडायचं तिच्यावर, शाळेत वेळेवर पोचायचं तिच्यावर. ती सकाळी सुरू झाली नाही की आपण काय करतो? दहा वेळा सेल्फ मारतो, मग धक्का देतो आणि शेवटी "बॅटरीच गेली असेल" म्हणून नवी बॅटरी आणतो. आठ दिवसांनी पुन्हा तेच! पैसे गेले, बिघाड मात्र जागेवरच.

बिघाड अंदाजाने नाही, तपासून शोधायचा असतो. ही सवय लेकरांना लावायला दारातली गाडी हे फार चांगलं शैक्षणिक साहित्य आहे.

मूळ संकल्पना : पूर्ण परिपथ

सेल, बल्ब आणि दोन वायरी हा प्रयोग आपण वर्गात घेतो. वाट पूर्ण असेल तरच बल्ब लागतो. गाडीतही तेच आहे. पण हुशार मुलं विचारतात, "सर, हॉर्नला एकच वायर दिसते, दुसरी कुठंय?" काही गाड्यांत खरंच तसं असतं, कारण दुसरी वायर म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा! बॅटरीचं निगेटिव्ह टोक सांगाड्याला आणि इंजिनला जोडलेलं असतं. करंट वायरीतून जातो आणि सांगाड्यातून परत येतो. म्हणून हा अर्थिंगचा जोड गंजला किंवा ढिला झाला, तर बॅटरी नवी असूनही गाडी ढिम्म हलत नाही.

तपासणीचा क्रम

सगळ्यात आधी साध्या गोष्टी पाहा. टाकीत पेट्रोल आहे ना? उजव्या मुठीजवळचं इंजिन बंद करायचं बटण चुकून दाबलेलं नाही ना? गाडी न्यूट्रलला आहे का? साइड स्टँड वर आहे का? क्लच दाबून पाहिला का? नव्या गाड्यांत स्टँडला आणि क्लचलाही स्विच असतो.

मग सेल्फ दाबा आणि नीट ऐका. गाडी स्वतःच सांगते.

१. काहीच नाही, इंडिकेटरही लागत नाही : मुख्य फ्यूज आणि बॅटरीची टोकं बघा. फ्यूज पुन्हा उडत असेल तर कुठंतरी शॉर्ट आहे. तिथं जाड तार लावू नका, वायरिंग जळेल.

२. कट-कट आवाज, दिवे मंद : बॅटरी उतरली आहे किंवा जोड ढिला आहे. टोकांवरचा पांढरा-हिरवा थर साफ करून नट आवळा आणि मगच बॅटरीवर संशय घ्या.

३. दिवे, हॉर्न चांगले, पण सेल्फ गप्प : स्टँड, क्लच, न्यूट्रलचे स्विच, सेल्फचं बटण किंवा रिले.

४. इंजिन फिरतं पण पेट घेत नाही : सेल्फचं काम ठीक आहे. आता पेट्रोल, प्लगची ठिणगी आणि हवा या तीनच गोष्टी उरल्या. इंजेक्शनच्या गाडीत चावी चालू केल्यावर बहुधा दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक आवाज येतो. तो येत नसेल तर पंपाचा फ्यूज आणि जोड पाहा.

एक बदल लक्षात ठेवा. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना सतत लागतो आणि बऱ्याच गाड्यांत त्याला वेगळं बटणच नसतं. म्हणून बॅटरीचा अंदाज घ्यायला हॉर्न वाजवून पाहा. तसंच इंजेक्शनच्या गाडीत पंपालाही वीज लागते, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली असेल तर धक्का मारूनही ती सहसा सुरू होत नाही.

मीटर काय सांगतो?

साधा मल्टीमीटर असेल तर अंदाजाची गरजच उरत नाही.

• गाडी काही तास बंद असताना : सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली.
• सेल्फ दाबलेला असताना : साधारण ९.५ च्या खाली गेली तर बॅटरी कमजोर.
• गाडी चालू, थोडी रेस दिलेली : १३.५ ते १४.५ हवेत.

हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा! तो वर जातच नसेल तर चार्जिंग होत नाही. दोष चार्जिंग कॉइलमध्ये, रेग्युलेटरमध्ये किंवा त्यांच्या वायरीत आहे. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तरी तीही उतरणारच.

रेसच्या गाडीचं काय?

सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची शर्यत झाली. मोबाईलवर रेस बघणारी मुलं विचारतात, "त्या गाड्या वेगळ्या असतात का?" मोटोजीपीच्या गाड्या खास बनवलेल्या असतात. पण आपल्या चाकणला बनणाऱ्या केटीएम आरसी ३९० सारख्या रस्त्यावरच्या गाड्याही ट्रॅकसाठी तयार करतात. त्यासाठी आरसे, इंडिकेटर, स्टँड काढून टाकतात. इथंच गंमत होते. स्टँड काढला, पण त्याच्या स्विचची वायर नुसतीच लोंबकळत ठेवली, तर बऱ्याच गाड्यांना वाटतं की स्टँड खालीच आहे. मग न्यूट्रलला गाडी सुरू होते आणि गिअर टाकला की बंद पडते! पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असेल, तर गाडी उभी करून चावी एकदा बंद-चालू करावी लागते.

आपल्याकडे याच्या उलट घडतं. जास्तीचे एलईडी दिवे, मोठा हॉर्न लावताना मूळ वायर सोलून नुसती चिकटपट्टी गुंडाळतात. पावसात तिथं पाणी शिरतं, खड्ड्यांनी जोड हलतो. काढताना असो की लावताना, बिघाड बहुतेक जोडातच सापडतो.

वर्गात कसं घ्याल?

दोन सेल, बल्ब, स्विच यांचा परिपथ बनवा आणि गुपचूप एक दोष ठेवा : सेल उलटा, बल्ब ढिला किंवा वायर आतून तुटलेली. गटांनी वहीत तीन रकाने करावेत : अंदाज, तपासणी, निष्कर्ष. नियम एकच, एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळतच नाही.

सूचना : घरच्या विजेवर हा प्रयोग अजिबात नको. गाडीच्या प्लगची ठिणगी हजारो व्होल्टची असते आणि जवळ पेट्रोल असतं. ते काम मिस्त्रीचं आहे, मुलांनी फक्त ऐकायचं, पाहायचं आणि लिहायचं.

पालकांनो, पुढच्या वेळी गाडी रुसली तर लेकराला बाजूला सारू नका. "काय आवाज आला रे?" एवढंच विचारा. गॅरेजला गेल्यावरही नुसतं "चालू होत नाही" न म्हणता नेमकं काय होतं ते सांगा. मिस्त्रीचा वेळ आणि आपले पैसे, दोन्ही वाचतील.