गव्याच्या पोटातलं रान

राधानगरीच्या जंगलात गवा गवत ओरबाडतो, पण ते पचवणारे दुसरेच असतात. गवतातलं सेल्युलोज फोडणारं विकर त्याच्या स्वतःच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम चालतं पोटाच्या चार कप्प्यांतल्या सर्वांत मोठ्या कप्प्यात, कोटीपोटात. आत मिट्ट काळोख, प्राणवायू जवळजवळ नाही, तापमान सुमारे ३९ अंश सेल्सिअस. इथल्या रसाच्या एका थेंबात कोट्यवधी जिवाणू असतात. शिवाय हजारो आदिजीव, अंगावरची लव हलवत पोहणारे. सूक्ष्मदर्शकाखाली तो थेंब अक्षरशः वळवळताना दिसतो. आदिजीव १८४३ मध्येच सापडले होते. इथल्या बुरशीची ओळख मात्र १९७५ मध्ये पटली, कारण प्राणवायूशिवाय बुरशी जगेल यावर तोवर कुणाचा विश्वासच नव्हता!

हे जीव गवत आंबवून मेदाम्लं तयार करतात. जनावराला बहुतांश ऊर्जा त्यांतूनच मिळते. पुढे रसाबरोबर वाहत गेलेले सूक्ष्मजीव स्वतःच पचतात आणि प्रथिनं पुरवतात. पिल्लाला सूक्ष्मजीवांची ही ठेव मिळते आईच्या चाटण्यातून, लाळेतून.

चितळ, सांबर, काळवीट यांचंही असंच. म्हणूनच माणसांनी दिलेली पोळी, भात, बिस्किटं पोटात गेली की आम्लता एकदम वाढते, हे जीव मरतात आणि जनावरही दगावू शकतं. रानातल्या हरणांना कृपा करून काहीही खायला घालू नका.